शस्त्रक्रियेच्या दिवशीचे बावीस सौदे आणि दलालाचा अधिकार

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२४ रोजी, गुरुवारी, माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इंदूरच्या एका रुग्णालयात झाली. सकाळी नऊ वाजता आम्ही तिला दाखल केले, तिचा फोन, चष्मा आणि बांगड्या माझ्या पत्नीच्या पिशवीत ठेवल्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास डोळ्यावर पट्टी बांधलेल्या ताईला रामबागेतल्या घरी परत आणले. त्याच दिवशी सकाळी अकरा ते दुपारी पावणेतीन या वेळात तिच्या ट्रेडिंग खात्यावर निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनचे (निफ्टी या शेअर-निर्देशांकाच्या चढउतारावर बेतलेल्या, आठवड्यात संपणाऱ्या करारांचे) बावीस सौदे झाले आणि त्यांत ६१,००० रुपये गेले. पत्नीच्या पिशवीतला फोन त्या वेळात एकदाही वाजलेला नव्हता. कॉलची यादी मी नंतर स्वतः तपासली आहे.

हे आम्हाला कळले ते सप्टेंबरात, आणि तेही लाभांशामुळे. भावोजींनी नोकरीच्या काळात थोडे थोडे करून घेतलेले शेअर त्यांच्या पश्चात ताईच्या नावावर झाले होते. त्यांचा लाभांश दरवर्षी बँकेत जमा होई आणि ताई तो वहीत लिहून ठेवी. त्या वर्षी वहीतल्या दोन ओळी रिकाम्या राहिल्या म्हणून तिने मला विचारले. मी डिमॅटचे विवरण काढले, तेव्हा ते शेअर आधी मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांच्या अनामतीसाठी, गहाण पडल्याचे आणि नंतर तोटा भरून काढण्यासाठी विकले गेल्याचे दिसले. आठ महिन्यांत एकूण ७,८०,००० रुपये गेले, आणि त्यांपैकी २,३६,००० रुपये निव्वळ दलाली व इतर आकार म्हणून गेले. मी आयुष्यभर लेखापाल म्हणून नोकरी केली आहे. तोटा आणि दलाली यांचे आकडे असे शेजारी मांडून पाहिले, की खाते कोणाच्या फायद्यासाठी चालवले जात होते हे कळायला आणखी कागद लागत नाहीत.

हे खाते चालवणारा माणूस एका मोठ्या दलाल कंपनीचा 'अधिकृत व्यक्ती', म्हणजे तिच्या वतीने ग्राहकांचे काम पाहणारा नेमलेला प्रतिनिधी, होता. त्याचे किंवा कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका माणसापुरते नाही. ताई त्याला गणेशोत्सवापासून ओळखत होती. तो घरी येई, चहा घेई आणि "काकू, तुम्ही काळजी करू नका, तुमचं खातं मी बघतो" असे म्हणे. या एका वाक्यात कायद्याचे किती प्रश्न दडलेले आहेत, हे गेल्या वर्षभरात मला हळूहळू उमगले. आपल्या अनेक वाचकांच्या घरी हेच वाक्य कोणी ना कोणी म्हणत असेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बाजार पडला म्हणून झालेला तोटा भरून मागण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि आम्ही तो मागितलेला नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत दोन्ही बाजूंना सारखाच न्याय देतो. एजंटने मिळालेल्या अधिकाराच्या मर्यादेत राहून कायदेशीर काम केले आणि त्यात तोटा झाला, तर तो मालकाने (ज्याच्या वतीने एजंट काम करतो त्याने) सोसावा आणि एजंटची भरपाई करावी, असे कलम २२२ सांगते. उलट, मालकाच्या सूचनेविरुद्ध किंवा सूचना नसताना धंद्याच्या रीतीविरुद्ध एजंट वागला आणि त्यातून तोटा झाला तर तो एजंटने भरून द्यावा, आणि नफा झाला तर त्याचाही हिशेब मालकाला द्यावा, असे कलम २११ सांगते. त्या कलमाखाली कायद्यानेच जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतले एक चक्क दलालाचे आहे: ज्या धंद्यात उधारीवर विकण्याची रीत नाही, त्या धंद्यातल्या दलालाने मालकाचा माल चांगली पत असलेल्या एका गिऱ्हाइकाला उधारीवर विकला आणि पुढे ते गिऱ्हाईक दिवाळखोर झाले, तर नुकसान दलालाने भरायचे. विकताना गिऱ्हाइकाची पत उत्तम होती, या सबबीचा त्याला काही उपयोग नाही. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे उदाहरण वाचताना मला ताईच्या खात्याची आठवण झाली, कारण आमच्याही प्रकरणात "निफ्टी त्या दिवशी वर जाणार असे सगळेच म्हणत होते" हे उत्तर आम्हाला दोनदा ऐकवण्यात आले. सौदा शहाणपणाचा होता की नव्हता हा प्रश्न नंतरचा आहे. तो करण्याचा अधिकार होता का, हे आधी पाहावे लागते.

अधिकार होता का? ताईने खाते उघडताना वीस-पंचवीस ठिकाणी सह्या केल्या, त्यांत एक कागद डिमॅटच्या अधिकाराचा होता. आपल्याकडे सर्रास असा समज आहे की ही सही झाली म्हणजे दलालाला खाते चालवण्याची मुखत्यारी मिळाली. तसे मुळीच नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या नावाने सौदे करता येणार नाहीत, असे सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१० मध्येच बजावले होते; आणि २०२२ पासून त्या मुखत्यारपत्राची जागा 'डीडीपीआय' नावाच्या मर्यादित कागदाने घेतली आहे. ग्राहकाने स्वतः विकलेले शेअर बाजाराला पोचते करणे आणि मार्जिनसाठी गहाण ठेवणे, एवढ्याच प्रकारच्या कामांपुरता तो कागद आहे. कोणते घ्यायचे, कधी घ्यायचे, किती घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यात कोठेही नाही. २०१९ मध्ये हैदराबादच्या कार्वी या दलाल कंपनीने ग्राहकांच्या मुखत्यारपत्रांचा जो गैरवापर केला आणि सेबीला तिच्यावर जो आदेश काढावा लागला, त्यानंतरच ही दारे क्रमाने अरुंद होत गेली आहेत.

दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या मर्जीने बाजारात फिरवण्याचा धंदा करायचा असेल तर सेबीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी करावी लागते, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे अशा मॅनेजरला एका ग्राहकाकडून किमान ५० लाख रुपये घ्यावे लागतात. म्हणजे अकरा लाखांचे शेअर असलेल्या विधवेला "तुमचं खातं मी बघतो" असे धंदा म्हणून म्हणण्याचा अधिकार गल्लीतल्या अधिकृत व्यक्तीला नाहीच, आणि तिने लेखी दिला असता तरीही तो त्याला मिळाला नसता. हे ताईला कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे मलाही माहीत नव्हते, आणि मी तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतो.

आता कंपनीच्या जबाबदारीकडे येतो. आमच्या तक्रारीवर कंपनीचे पहिले उत्तर असे होते की सदर व्यक्ती आमचा नोकर नाही. हे उत्तर टिकणारे नाही. पूर्वीची सब-ब्रोकरची (दलालाच्या हाताखालच्या उपदलालाची) नोंदणी २०१८ मध्ये बंद करून सेबीने सर्वांना अधिकृत व्यक्ती किंवा थेट दलाल व्हायला सांगितले. आणि अधिकृत व्यक्तीने केलेल्या व न केलेल्या सगळ्या गोष्टींची जबाबदारी दलालावर आहे, असे नियमात स्वच्छ लिहिलेले आहे. शिवाय करार कायद्याचे कलम २३७ आहेच: आपल्या एजंटला अधिकार आहे असे मालकाने शब्दांनी किंवा वागण्याने लोकांना वाटू दिले, तर मालक पुढे हात वर करू शकत नाही. ताईचे खाते चालवणाऱ्या त्या माणसाच्या कार्यालयावर कंपनीची पाटी होती, टेबलावर कंपनीचे टर्मिनल होते, आणि ताईच्या स्वयंपाकघरात कंपनीचे कॅलेंडर आजही टांगलेले आहे.

मात्र या जबाबदारीलाही हद्द आहे, आणि वाचकांनी ती नीट लक्षात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात दिलेला निकाल या बाबतीत फार बोलका आहे. एका बाईंनी आपल्या खात्यात भरण्यासाठी पैसे बँकेतल्या एका कर्मचाऱ्याकडे दिले. तो शेजारी होता, यजमानांचा मित्र होता. त्याने पैसे हडप केले आणि पासबुकात खोट्या नोंदी केल्या. त्याने ते पैसे बँकेचा नोकर म्हणून, कामाच्या ओघात घेतले नव्हते, तर त्या बाईंच्या वतीने घेतले होते, आणि म्हणून बँक जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरवले. शेअर दलालांच्या बाबतीत अधिकृत व्यक्तीला स्वतःच्या नावावर किंवा खात्यात ग्राहकाचे पैसे घ्यायला नियमानेच बंदी आहे. तरीही कोणी त्याच्या फोनच्या नंबरवर पैसे पाठवले, किंवा "महिन्याला तीन टक्के पक्के" अशा बोलीवर रक्कम दिली, तर तो माणूस त्या व्यवहारात कंपनीचा एजंट राहत नाही. ठरावीक परताव्याच्या अशा योजनांत भाग घेणाऱ्याला तक्रार निवारण, लवाद किंवा गुंतवणूकदार संरक्षण यांपैकी कशाचाही आधार मिळणार नाही, असे राष्ट्रीय शेअर बाजार वेळोवेळी जाहीर करत असतो. टिप्स विकणाऱ्या कंपन्यांवर सेबीने काढलेल्या आदेशांत इंदूरचा पत्ता इतक्या वेळा आलेला आहे, की या शहरात तरी ही सूचना प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागायला हवी.

घरातल्या माणसांचे काय, हा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक आहे. आपल्याकडे आईचे खाते मुलगा चालवतो, सासऱ्यांचे जावई, बायकोचे नवरा. पासवर्ड आणि ओटीपी त्यांच्याच फोनवर असतात. करार कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे एजन्सीला मोबदल्याची गरज नसते, म्हणजे फुकट काम करणारा भाचाही कायद्याच्या दृष्टीने एजंटच. त्याने काळजी घेतली पाहिजे, हिशेब दिला पाहिजे. पण त्याला यातले कळत नाही हे मामाला आधीपासून ठाऊक असेल, तर कलम २१२ प्रमाणे त्याच्या अडाणीपणाबद्दल मामाला फारसे बोलता येत नाही. आणि दलालाच्या बाजूने पाहिले तर पासवर्ड टाकून आलेला सौदा हा खातेदाराचाच सौदा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पती-पत्नीच्या प्रकरणात पत्नीच्या खात्यावर दलालाच्या थकलेल्या रकमेसाठी पतीलाही संयुक्तपणे जबाबदार धरले. खाती कागदावर वेगळी होती, पण दोघांनी मिळून ती चालवण्याची आणि जबाबदारी घेण्याची तोंडी बोली झाली होती, हे लवादाने मानले होते आणि न्यायालयाने ते उचलून धरले. मूळ व्यवहार २००१ च्या पडझडीतला होता. तोंडी बोलीचे ओझे चोवीस वर्षांनंतरही उतरले नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले त्या मुद्द्याकडे येतो. २२ मार्च २०१८ च्या परिपत्रकाने सेबीने असे बंधन घातले की ग्राहकाचा आदेश आधी आला होता याचा पुरावा असल्यावाचून दलालाने सौदा टाकू नये. पुरावा म्हणजे ग्राहकाच्या सहीचा कागद, फोनचे रेकॉर्डिंग, नोंदवलेल्या पत्त्यावरून आलेला ई-मेल, इंटरनेटची नोंद, एसएमएस, किंवा कायद्यात टिकेल अशी दुसरी नोंद. फोनवर आदेश घेतले तर रेकॉर्डिंग सक्तीचे आहे, आणि वाद झाला तर पुरावा देण्याचे ओझे दलालावर आहे. इतका नेमका नियम वाचून मला धीर आला होता. पण त्याच परिपत्रकात पुढे एक अपवाद आहे: तांत्रिक बिघाडासारख्या अपवादात्मक कारणाने आदेशाचा पुरावा देता आला नाही, तर दलालाने त्याची कारणे द्यावीत, आणि ती पटण्याजोगी असतील तर सौद्यानंतर ग्राहकाने दिलेला दुजोरा किंवा त्या सौद्यापोटी झालेली पैशांची देवघेव अशा गोष्टीही विचारात घ्याव्यात. या फटीतून आमचे जवळजवळ सगळे प्रकरण वाहून गेले.

आठ महिन्यांत ताईच्या खात्यावर चारशेहून अधिक सौदे झाले. कंपनीने आदेशाचे एकही रेकॉर्डिंग दिले नाही. यंत्र बदलताना जुना साठा गेला असे सांगितले. दिली ती सौद्यानंतरच्या फोनची नऊ रेकॉर्डिंग. त्यांतले सर्वांत मोठे ३८ सेकंदांचे आहे आणि मला ते आता पाठ झाले आहे.

"काकू, नमस्कार. आज निफ्टीत आपले काही सौदे झालेत, कन्फर्म करता ना?"
"हो, हो. तू जेवलास का रे?"
"हो काकू. मग कन्फर्म?"
"हो, ठीक आहे. तुला कळतं त्यातलं."

लवादापुढच्या सुनावणीच्या वेळी हे रेकॉर्डिंग दोनदा वाजवले गेले. ताई शेजारी बसली होती आणि तिने स्वतःचा आवाज ओळखून मान हलवली. नऊ फोनांतले हे "हो" आणि तिच्या फोनवर शेअर बाजाराकडून रोज संध्याकाळी येणारे, न उघडलेले इंग्रजी एसएमएस, यांच्या आधारावर असे ठरवण्यात आले की तिला सौद्यांची माहिती होती, तिने आठ महिने हरकत घेतली नाही, आणि म्हणून तिची संमती होती. शस्त्रक्रियेच्या दिवसाचे ६१,००० रुपये आणि त्या दिवसाची दलाली तेवढी परत देण्याचा आदेश झाला. बाकीचे नामंजूर.

लवादाविषयी मला आदर आहे आणि त्यांनी आमचे शांतपणे ऐकून घेतले. पण मागाहून दिलेल्या संमतीविषयी करार कायद्याचे कलम १९८ काय सांगते? प्रकरणातली महत्त्वाची वस्तुस्थिती ज्याला नीट माहीत नाही, त्याने मागाहून दिलेली संमती कायद्याने ग्राह्य नाही. "काही सौदे झालेत" या तीन शब्दांत कोणती वस्तुस्थिती सांगितली गेली? किती सौदे, कोणते, घेतले की विकले, नफा की तोटा, दलाली किती, खात्यात शिल्लक काय, यांतले एक अक्षरही त्या ३८ सेकंदांत नाही. एकाहत्तर वर्षांच्या, बँकेची स्लिप मराठीत भरणाऱ्या बाईच्या "हो" मध्ये चारशे ऑप्शन सौद्यांची संमती वाचायची असेल, तर ते कलम कायद्यात ठेवण्याचे कारण काय? शिवाय ऑप्शन म्हणजे तिने कधी ऐकलेला शब्द नव्हे. सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. अशा बाजारात दुसऱ्याला लोटणाऱ्याकडून तरी आधीच्या स्पष्ट आदेशाचा पुरावा मागितलाच पाहिजे.

दलालांची अडचण मला समजते. सौद्यात नफा झाला की गप्प बसायचे आणि तोटा झाला की "मी सांगितलेच नव्हते" म्हणायचे, असे करणारे ग्राहकही असतात आणि त्यांना आळा बसायला हवा. पण त्याचा उपाय परिपत्रकातच आहे: आदेश रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा. रेकॉर्ड ठेवणे ज्याच्या हातात आहे, त्यानेच ते हरवले तर त्याचा फायदा त्याला मिळू नये. तांत्रिक बिघाड झाला असे जो म्हणतो, त्याने तो कोणत्या दिवशी झाला, किती वेळ चालला आणि शेअर बाजाराला त्याच वेळी कळवला होता का, हे दाखवावे. आठ महिन्यांचा सलग बिघाड हा बिघाड नसतो. सेबीने या अपवादाची व्याख्या घट्ट करावी, सौद्यानंतरच्या दुजोऱ्यात नेमका सौदा, रक्कम आणि त्या तारखेपर्यंतचा एकूण तोटा सांगणे सक्तीचे करावे, आणि खात्याच्या किमतीच्या मानाने दलाली अवास्तव झाली की खातेदाराला त्याच्या भाषेत स्वतंत्र सूचना जावी, एवढी माझी मागणी आहे. आपल्या दैनिकाने ती लावून धरावी अशी विनंती करतो.

ज्या वाचकांच्या घरी असे खाते आहे त्यांनी आजच डिमॅटचे एकत्रित विवरण आणि खात्याचे लेजर मागवून पाहावे. न केलेला सौदा दिसला तर फोन करू नये, चहाला बोलावू नये. त्याच दिवशी लेखी हरकत ई-मेलने पाठवावी आणि रेकॉर्डिंग मागावे. रेकॉर्डिंग किमान तीन वर्षे, आणि वाद सुरू झाला तर तो मिटेपर्यंत जपणे दलालावर बंधनकारक आहे. उत्तर आले नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार करता येते आणि त्यापुढे ऑनलाइन समेट व लवादाची सोय २०२३ पासून आहे. आम्ही पहिले सहा आठवडे ताईच्या त्या अधिकृत व्यक्तीशी गोडीगुलाबीने बोलण्यात घालवले आणि तेवढ्या काळातले आमचे मौनही निकालपत्रात आमच्याविरुद्ध मोजले गेले.

निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायला तीन महिन्यांची मुदत असते. आमची अजून पाच आठवडे शिल्लक आहे. ताईने उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया तूर्त पुढे ढकलली आहे. ते पैसे वकिलासाठी ठेवू या, असे ती म्हणते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल
रामबाग, इंदूर
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)